मंडळीतील जागा: अमेरिकेतील प्रोटेस्टंट चर्च आणि समलिंगी विश्वासणारे

अमेरिकेतील प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये समलिंगी स्त्रीपुरुष पहिल्यापासून होते. गायकवृंदात होते, ऑर्गनवर होते, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होते, आणि कितीतरी ठिकाणी व्यासपीठावर उभे राहून उपदेशही करत होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक पंथांच्या नियमपुस्तकांत त्यांच्याविषयी काही लिहिलेले आढळत नाही, कारण लिहिण्याची गरजच कुणाला भासली नव्हती. कायद्याने समलिंगी संबंध हा गुन्हा होता, मानसोपचारशास्त्राने त्याला विकार ठरवले होते, आणि पवित्र शास्त्रातील त्यासंबंधीची मोजकी वचने पुरेशी मानली जात होती. जोपर्यंत माणूस गप्प होता तोपर्यंत त्याची जागा शाबूत होती. १९६४ ते २०२४ या साठ वर्षांत ही चुप्पी मोडली. पंथांना आपली भूमिका शब्दांत मांडावी लागली, ती मतदानाला टाकावी लागली, आणि पुढे अनेकांना ती बदलावीही लागली.

वादाच्या मुळाशी असलेली वचने फार नाहीत. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातील सदोमाची कथा, लेवीय ग्रंथातील दोन निषेध, रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील एक परिच्छेद, करिंथकरांस पहिले पत्र आणि तीमथ्याला पहिले पत्र यांतील पापांच्या याद्या. एका पक्षाच्या मते ही वचने स्वच्छ आहेत आणि कोणत्याही काळाला लागू आहेत. दुसऱ्या पक्षाच्या मते त्यांत मूर्तिपूजेशी जोडलेला व्यवहार, बळजबरी आणि शोषण यांचा धिक्कार आहे. दोन प्रौढांनी निष्ठेने एकत्र जगण्याचा विचार त्या लेखकांसमोर नव्हताच. हा वाद गंभीर आहे आणि दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसांनी तो मांडला आहे. तरीही साठ वर्षांचा घटनाक्रम पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते. सगळ्या पंथांसमोर तीच वचने होती, तेच अर्थ होते, पण एका पंथाने १९७२ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या उमेदवाराला पाळकपणाची दीक्षा दिली आणि दुसऱ्याला त्यासाठी २०२४ उजाडावे लागले. हा बावन्न वर्षांचा फरक ईश्वरज्ञानाने जितका पडला त्याहून अधिक अधिकाराच्या मांडणीने पडला. प्रोटेस्टंट परंपरेत पोप नाही. मग दीक्षा कोण देणार, नियम कोण बदलणार, मंडळीची इमारत कोणाच्या मालकीची, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पंथात वेगळी आहेत, आणि समलिंगी विश्वासणाऱ्यांचे भवितव्य त्या उत्तरांना बांधले गेले.

चर्चेची सुरुवात अटलांटिकच्या पलीकडे झाली. चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू डेरिक शर्विन बेली यांनी १९५५ मध्ये पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील समलैंगिकतेचा इतिहास लिहिला आणि सदोमाच्या कथेचा रूढ अर्थ तपासून पाहिला. इंग्लंडमध्ये १९६७ साली पुरुषांमधील खासगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून वगळले गेले, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्सी यांनी उमराव सभागृहात त्या सुधारणेला पाठिंबा दिला. हे कृत्य पाप आहे असे त्यांचे मत कायम होते. प्रत्येक पापाचा गुन्हा होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याआधी १९६३ मध्ये ब्रिटनमधील क्वेकरांच्या एका गटाने याहून पुढे जाऊन म्हटले होते की नात्याची पारख त्यातील प्रेमावरून आणि सचोटीवरून व्हावी.

अमेरिकेत पहिली हालचाल सॅन फ्रान्सिस्कोत झाली. शहराच्या टेंडरलॉइन भागात ग्लाइड मेमोरियल हे मेथडिस्ट चर्च होते. घरून हाकललेली, रस्त्यावर राहणारी तरुण मुले त्या भागात मोठ्या संख्येने होती आणि त्यांतील पुष्कळ समलिंगी होती. टेड मॅकिल्व्हेना हे तरुण पाळक त्यांच्यात काम करत होते. या मुलांशी बोलायचे तर शहरातील समलिंगी संघटनांशी बोलावे लागेल हे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९६४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी निरनिराळ्या पंथांचे पाळक आणि या संघटनांचे कार्यकर्ते यांना काही दिवस एकत्र राहायला बोलावले. डॉटर्स ऑफ बिलायटिस ही स्त्रियांची संघटना स्थापणाऱ्यांपैकी डेल मार्टिन आणि फिलिस लायन या त्यांत होत्या. बहुतेक पाळकांनी उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाशी त्यापूर्वी कधी मनमोकळे बोलणे केलेले नव्हते. या भेटीतून कौन्सिल ऑन रिलिजन अँड द होमोसेक्शुअल ही संस्था उभी राहिली.

संस्थेला पैसा हवा होता म्हणून १ जानेवारी १९६५ च्या रात्री कॅलिफोर्निया हॉलमध्ये नृत्याचा कार्यक्रम ठरला. पाळकांनी पोलिसांना आधी कळवले होते. त्या रात्री पोलिसांनी दाराशी झगझगीत दिवे लावले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची छायाचित्रे काढली. छायाचित्र म्हणजे नोकरी जाण्याची धमकीच होती. परवानगीवाचून आत येऊ पाहणाऱ्या पोलिसांना अडवणाऱ्या वकिलांना अटक झाली. अशा धाडी समलिंगी माणसांच्या सवयीच्या होत्या. पाळकांनी आणि त्यांच्या पत्नींनी हे प्रथमच डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रकार परिषद घेऊन पोलिसांवर जाहीर टीका केली, आणि खटल्यात न्यायाधीशांच्या आदेशाने आरोपींची सुटका झाली. समलिंगी माणसे खोटे बोलतात असे म्हणणे सोपे होते. पाळक खोटे बोलतात असे म्हणणे शहराला जड गेले. समलिंगी विश्वासणाऱ्यांच्या चळवळीत या एका रात्रीचे मोल फार मोठे आहे, कारण पंथांचे पाळक त्यांच्या बाजूने उभे असल्याचे त्या रात्री सगळ्या शहराने पाहिले.

ग्लाइडच्या वाटेवर मदतीचा हात पाळकांचा होता. स्वतः समलिंगी असलेल्या माणसाने मंडळी स्थापण्याची गोष्ट त्यानंतर जवळपास चार वर्षांनी घडली. ट्रॉय पेरी हे पेंटेकॉस्टल परंपरेत वाढलेले उपदेशक. समलिंगी असल्याचे उघड झाल्यावर त्यांना पाळकपद सोडावे लागले होते. ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन पार्क येथील आपल्या राहत्या घरात त्यांनी उपासना भरवली, तिला बारा माणसे आली. मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च या पंथाचा तो पहिला दिवस. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉलचा समलिंगी हक्कांसाठीचा उठाव त्यानंतर आठ महिन्यांनी झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे: समलिंगी हक्कांच्या इतिहासात धर्माची गणना बहुधा विरोधकांत होते, पण इथे उपासना आधी आणि उठाव नंतर. पेरींची श्रद्धा परंपरागत होती. बायबल, प्रार्थना, प्रभुभोजन, तारणाचा उपदेश यांत त्यांनी काही नवे आणले नाही. त्यांचे सांगणे एवढेच होते की देव या माणसांवरही प्रेम करतो. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या मंडळीने स्वतःची इमारत घेतली आणि १९७३ च्या जानेवारीत ती आगीत भस्मसात झाली.

त्याच वर्षी २४ जून रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये अपस्टेअर्स लाउंज नावाच्या मद्यगृहाला कुणीतरी मुद्दाम आग लावली. रविवार होता आणि तिथल्या छोट्या मेट्रोपॉलिटन कम्युनिटी मंडळीचे अनेक सभासद उपासनेनंतर तिथे जमले होते. बत्तीस माणसे मेली. पाळक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून जळाले आणि त्यांचा देह कित्येक तास रस्त्यावरून दिसेल असा तसाच होता. शहरातील बहुतेक चर्चनी मृतांसाठी दारे उघडली नाहीत. सेंट जॉर्जेस या एपिस्कोपल चर्चच्या रेक्टरांनी लहानशी प्रार्थनासभा घेतली, त्याबद्दल त्यांना निषेधाची पत्रे आली. शेवटी १ जुलै रोजी सेंट मार्क्स या मेथडिस्ट चर्चमध्ये स्मरणसभा झाली. मृत विश्वासणाऱ्यांना शेवटचे छप्पर मिळवण्यासाठी एवढी शोधाशोध करावी लागली, ही त्या शहरातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातली लाजिरवाणी बाब आहे, आणि तिला सौम्य शब्द लावण्याचे कारण नाही.

मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च वाढत गेले, पण इतर पंथांच्या पंगतीत त्याला जागा मिळाली नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय चर्च परिषदेकडे त्याने सभासदत्वासाठी अर्ज केला. १९८३ मध्ये परिषदेने निर्णय बेमुदत पुढे ढकलला. एड्सची साथ तेव्हा सुरू झाली होती. १९८१ पासूनच्या त्या वर्षांत या पंथाच्या मंडळ्या आजाऱ्यांच्या सेवेत आणि अंत्यविधींत बुडून गेल्या. जुन्या पंथांतही साथीमुळे एक गोष्ट घडली: ज्या मुलांविषयी आईवडील बोलत नव्हते ती मुले मरायला घरी आली, आणि गावच्या पाळकाला त्यांच्या उशाशी जावे लागले. अनेक मंडळ्यांची भूमिका ठरावांआधी या भेटींनी बदलली.

जुन्या पंथांपैकी पहिले पाऊल युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने टाकले. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या पंथाचा मोठा हिस्सा काँग्रिगेशनल परंपरेतून आलेला आहे. या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंशासित असते, आणि दीक्षेचा निर्णय आसपासच्या मंडळ्यांचा संघ घेतो. त्याला वरून परवानगी लागत नाही. याच रचनेमुळे १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील साउथ बटलर गावच्या मंडळीने अँटोनेट ब्राउन यांना दीक्षा देऊन स्त्रियांसाठी वाट उघडली होती. विल्यम जॉन्सन हे बर्कलीच्या पॅसिफिक स्कूल ऑफ रिलिजनमधील विद्यार्थी. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी १९७० मध्येच जाहीर केले होते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील गोल्डन गेट संघाने लांबलेल्या चर्चेनंतर त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २५ जून १९७२ रोजी सॅन कार्लोस येथे त्यांचा दीक्षाविधी झाला. ऐतिहासिक प्रोटेस्टंट पंथांत उघडपणे समलिंगी उमेदवाराला मिळालेली ही पहिली दीक्षा.

या रचनेची दुसरी बाजूही होती. संघ दीक्षा देऊ शकतो, पण पाळकाला बोलावणे धाडायचे की नाही हे मंडळीच ठरवते आणि तिच्यावर सक्ती करता येत नाही. दीक्षा हातात आणि बोलावणे कुठूनच नाही, अशी अवस्था अनेकांच्या वाट्याला आली. म्हणून पुढची चळवळ एकेका मंडळीचे मन वळवण्याची झाली. १९८५ मध्ये एम्स येथे भरलेल्या जनरल सिनोडने, म्हणजे पंथाच्या राष्ट्रीय सभेने, मंडळ्यांना आवाहन केले की त्यांनी चर्चा करून, स्वेच्छेने, समलिंगी विश्वासणाऱ्यांचे स्वागत करणारी जाहीर प्रतिज्ञा स्वीकारावी. सिनोडचा शब्द बंधनकारक नव्हता. तरी पुढील दशकांत दीड हजारांहून अधिक मंडळ्यांनी ती स्वीकारली. ४ जुलै २००५ रोजी अटलांटात याच सिनोडने समलिंगी विवाहाला समान मान्यता देण्याचा ठराव केला. त्याची किंमतही मोजावी लागली: पोर्तो रिकोतील संपूर्ण शाखा पुढच्या वर्षी पंथातून बाहेर पडली.

स्वयंशासित मंडळ्या असल्या की स्वातंत्र्य आपोआप मिळते असे मात्र नाही. बॅप्टिस्टही मंडळीच्या स्वायत्ततेचा कट्टर पुरस्कार करतात. नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथील पुलन मेमोरियल मंडळीने १९९२ मध्ये दोन पुरुषांच्या एकत्र जीवनाला आशीर्वाद देण्याचे ठरवले आणि चॅपल हिल येथील बिंकली मंडळीने एका समलिंगी विद्यार्थ्याला उपदेशाचा परवाना दिला. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनला या मंडळ्यांचे निर्णय रद्द करता येत नव्हते. त्याने दोन्ही मंडळ्यांनाच काढून टाकले आणि लगेच पुढच्या वर्षी आपल्या घटनेत तसे कलम घातले.

प्रेस्बिटेरियन पंथ लोकशाही पद्धतीचा, पण पायऱ्यापायऱ्यांचा. मंडळीचे वडील, त्यांच्यावर प्रेस्बिटरी, सर्वांत वर जनरल असेंब्ली; आणि घटनेतील बदलाला असेंब्लीच्या मंजुरीनंतर देशभरातील प्रेस्बिटऱ्यांचे बहुमत लागते. न्यूयॉर्क शहराच्या प्रेस्बिटरीने एका समलिंगी उमेदवाराविषयी मार्गदर्शन मागितले तेव्हा अभ्यासगट नेमला गेला. गटातील बहुमताने प्रेस्बिटऱ्यांना आपापला निर्णय घेऊ द्यावा असे सुचवले. १९७८ च्या सॅन डिएगो असेंब्लीने ते फेटाळून दीक्षेला मनाई केली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या वेस्ट पार्क मंडळीने आपण ही मनाई मानत नाही असे जाहीर केले आणि तिच्यामागून इतरही मंडळ्या निघाल्या. रॉचेस्टरच्या एका मंडळीने जेन स्पार यांना पाळक म्हणून बोलावले, तर १९९२ मध्ये पंथाच्या सर्वोच्च न्यायमंडळाने ती नेमणूक रद्द केली. १९९७ मध्ये मनाई थेट घटनेत गेली: विवाहात निष्ठा, नाहीतर ब्रह्मचर्य. ती काढण्याचे तीन प्रयत्न असेंब्लीत यशस्वी झाले आणि तिन्ही वेळा प्रेस्बिटऱ्यांमध्ये हरले. चौथ्या वेळी, १० मे २०११ रोजी, मिनेसोटातील ट्विन सिटीज प्रेस्बिटरीने १७३ पैकी निर्णायक सत्याऐंशीवे मत दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅडिसन येथे स्कॉट अँडरसन यांना दीक्षा मिळाली. एकवीस वर्षांपूर्वी समलिंगी असल्याचे उघड झाल्यामुळे त्यांना याच पंथाचे पाळकपद सोडावे लागले होते.

बिशप असलेल्या पंथांत एखाद्या बिशपचे धैर्य पुरत होते, निदान एका दीक्षेपुरते. न्यूयॉर्कचे एपिस्कोपल बिशप पॉल मूर यांनी १९७७ च्या जानेवारीत एलन बॅरेट यांना दीक्षा दिली. २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या धर्मप्रांताने उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांना बिशप निवडले. जिवाला धोका असल्यामुळे त्यांनी अभिषेकाच्या वेळी झग्याखाली गोळीरोधक जाकीट घातले होते. एपिस्कोपल चर्च ज्याचा भाग आहे त्या अँग्लिकन जगतात त्यातून पडलेली भेग आजही सांधलेली नाही. लूथरन पंथात १९९० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन मंडळ्यांनी परवानगीशिवाय तिघांना दीक्षा दिली आणि पाच वर्षांनी त्या मंडळ्या पंथातून काढल्या गेल्या. २००९ मध्ये मिनीआपोलिसच्या सभेने नियम बदलला. कॅनडाच्या युनायटेड चर्चने मात्र १९८८ मध्येच व्हिक्टोरियातील सभेत पाळकपणाचे दार सर्वांना खुले केले होते आणि त्यासाठी हजारो सभासद गमावले होते.

सर्वांत लांब आणि सर्वांत वेदनादायक प्रवास युनायटेड मेथडिस्ट चर्चचा. ज्या पंथाच्या ग्लाइड चर्चमध्ये चळवळीचे बीज पडले त्याच पंथाने सर्वांत शेवटी दार उघडले. पंथाची सर्वोच्च सत्ता दर चार वर्षांनी भरणाऱ्या जनरल कॉन्फरन्सकडे आहे. नियमपुस्तक एकच होते, ते सगळ्या देशांतील मंडळ्यांना लागू होते. आणि मंडळीची इमारत मंडळीच्या ताब्यात असली तरी विश्वस्त म्हणून ती पंथासाठी धरलेली असते. १९७२ च्या अटलांटा कॉन्फरन्ससमोर सामाजिक तत्त्वांचा मसुदा आला, त्यात समलिंगी माणसांच्या पवित्र मोलाची ग्वाही होती. सभागृहात टेक्सासच्या डॉन हँड या प्रतिनिधीने दुरुस्ती सुचवली आणि समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत असल्याचे वाक्य त्या ग्वाहीलाच जोडले गेले. काही मिनिटांच्या चर्चेत आलेले हे वाक्य बावन्न वर्षे टिकले. माणूस पवित्र आणि त्याचे जगणे विसंगत, असा जोड एका दमात करणे किती क्रूर आहे हे त्या रचनेत स्पष्ट दिसते, पण ती सुचवणाऱ्यांना तो समतोल वाटला होता.

वाक्यावर नियमांचे थर चढत गेले. १९८४ मध्ये बाल्टिमोरच्या सभेने समलिंगी संबंधात असल्याचे स्वतः सांगणाऱ्यांच्या दीक्षेला आणि नेमणुकीला बंदी घातली. त्यात एक विचित्र अट दडली होती: पाळकाने स्वतः सांगितले तरच नियम लागू. म्हणजे नियमाने शिक्षा दिली ती मुख्यतः प्रामाणिकपणाला. त्याच वर्षापासून स्वागतशील मंडळ्यांची रिकन्सायलिंग चळवळ उभी राहिली. १९९६ मध्ये पाळकांना समलिंगी जोडप्यांचा विधी करण्यासही मनाई झाली आणि खटल्यांचे पर्व सुरू झाले. ओमाहाच्या जिमी क्रीच यांनी १९९७ मध्ये दोन स्त्रियांचा विधी केला. पहिल्या खटल्यात ते थोडक्यात सुटले, दुसऱ्या विधीबद्दल १९९९ मध्ये त्यांचे पाळकपद गेले. १९९९ च्याच जानेवारीत सॅक्रमेंटोत एका जोडप्याच्या विधीला साठाहून अधिक मेथडिस्ट पाळक एकत्र उभे राहिले. एवढ्यांवर खटला चालवणे पंथाला जमले नाही आणि तक्रार मागे पडली. पेनसिल्व्हेनियाचे फ्रँक शेफर यांना २०१३ मध्ये स्वतःच्या मुलाचा विवाह लावल्याबद्दल पद गमवावे लागले; अपिलात पुढच्या वर्षी ते परत मिळाले.

या खटल्यांत फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागातील बेथ स्ट्राउड यांचा खटला सर्वांत बोलका आहे. २००३ च्या वसंतात त्यांनी उपदेशातून मंडळीला सांगितले की आपण एका स्त्रीबरोबर निष्ठेने संसार करतो आणि हे सांगितल्याने आपली दीक्षा जाऊ शकते. मंडळीने त्यांना साथ दिली. २००४ च्या डिसेंबरात पंथाच्या न्यायसभेने त्यांचे पाळकपद काढले, अपिलात ते परत मिळाले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायमंडळाने पुन्हा काढले. त्यानंतरही त्या सामान्य सभासद म्हणून त्याच मंडळीत काम करत राहिल्या. पंथ सोडून जाण्याची वाट मोकळी असताना इतक्या जणांनी थांबणे का पत्करले, हा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. ज्या मंडळीत बाप्तिस्मा झाला, जिच्या भजनांत बालपण गेले, ती मंडळी परकी म्हणून सोडता येत नाही, असे उत्तर या माणसांनी आपल्या वागण्याने दिले.

पंथाच्या जागतिक रचनेने गुंता वाढवला. अमेरिकेत सभासद घटत होते आणि आफ्रिकेत वाढत होते, आणि प्रतिनिधी सभासदसंख्येनुसार ठरत होते. २०१९ पर्यंत सुमारे ३० टक्के प्रतिनिधी आफ्रिकेतील होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सेंट लुइसला याच एका प्रश्नासाठी विशेष कॉन्फरन्स भरली. विभागांना आणि मंडळ्यांना आपापला निर्णय घेऊ देण्याची बिशपांची शिफारस हरली आणि मनाई आणखी कडक करणारी योजना ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी मंजूर झाली. त्याच सभेने ठरावीक रक्कम भरून इमारतीसह बाहेर पडण्याची सवलत २०२३ अखेरपर्यंत दिली. ती बहुधा उदारमतवादी मंडळ्या वापरतील असे अनेकांना वाटले होते. घडले उलट. अमेरिकेतील अनेक विभागांनी निकालानंतर मनाईविरोधी प्रतिनिधी निवडले, पुढील कॉन्फरन्स कोविडमुळे लांबत गेली आणि दरम्यान सनातनी मंडळ्याच निघून गेल्या. २०२३ संपेपर्यंत अमेरिकेतील साडेसात हजारांहून अधिक, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या होत्या. त्यांतील अनेक १ मे २०२२ रोजी सुरू झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये सामील झाल्या.

लांबलेली कॉन्फरन्स अखेर २०२४ च्या वसंतात शार्लट येथे भरली. १ मे रोजी दीक्षेवरील बंदी चर्चेविना, इतर किरकोळ ठरावांच्या गठ्ठ्यात, ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठली. दुसऱ्या दिवशी १९७२ चे वाक्य ५२३ विरुद्ध १६१ मतांनी वगळण्यात आले. सभागृहाबाहेर लोक एकमेकांना मिठ्या मारून रडत भजने म्हणत होते. त्याच महिन्यात पूर्व पेनसिल्व्हेनियाच्या पाळकसभेने बेथ स्ट्राउड यांचे पाळकपद परत दिले. महिनाअखेरीस आयव्हरी कोस्टच्या मेथडिस्टांनी पंथ सोडण्याचा निर्णय घेतला.

काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट या दोन्ही अमेरिकन पंथांचा मराठी मुलुखाशी जुना संबंध आहे, म्हणून तिकडच्या निर्णयांचे इथे काय झाले हे पाहणे सयुक्तिक ठरते. १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले होते. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरला ठाणे केले, तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले, आणि कवी नारायण वामन टिळक याच मिशनमध्ये १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन पुढे पाळक झाले. ज्या परंपरेने १९७२ साली विल्यम जॉन्सन यांना दीक्षा दिली तीच ही परंपरा. परंतु नगर जिल्ह्यातील मंडळ्यांनी अमेरिकेची ती वाट चालण्याचा प्रश्न आला नाही, कारण रचना मधल्या काळात बदलली होती. या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. या चर्चमध्ये बिशप आहेत, धर्मप्रांत आहेत, सिनोड आहे. दीक्षेचा अधिकार शेजारच्या मंडळ्यांच्या संघाकडे राहिलेला नाही.

मेथडिस्टांचे कारण वेगळे. विल्यम टेलर यांच्या १८७१ नंतरच्या सभांतून मुंबईत रुजलेले मेथडिस्ट काम १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाले आणि त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. त्यामुळे सेंट लुइसचा निर्णय या मंडळ्यांवर बंधनकारक नव्हता आणि शार्लटचाही नाही.

भारतात हा प्रश्न मंडळीच्या सभागृहाआधी न्यायालयात आला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते अवैध ठरवले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेल्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि केरळची अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स याही संस्था होत्या. त्याच काळात प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची राष्ट्रीय परिषद, जिचे मुख्यालय नागपूरला आहे, एचआयव्हीबाधितांसाठीच्या आपल्या ईशा या उपक्रमातून लैंगिक अल्पसंख्याकांचा विषय मंडळ्या आणि धर्मशिक्षण संस्था यांच्यापर्यंत नेऊ लागली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार देऊन तो विषय संसदेकडे सोपवला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि मेथडिस्ट चर्च इन इंडिया या दोन्ही ठिकाणी विवाह स्त्री आणि पुरुष यांचाच होतो.